मॉर्फिनचं कपाट



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची पोस्टकार्डं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. लहानपणी ती टपालपेटीत टाकायचं काम माझ्याकडे होतं. रविवारी सकाळी ओसरीवर बसून ते तीन-चार पत्रं लिहायचे. कधी तहसीलदारांना, कधी एस.टी.च्या आगारात, कधी थेट खासदारांना. पत्रात तीनच ओळी असायच्या. पहिलीत काय बिघडलं आहे ते, दुसरीत कोणत्या नियमाप्रमाणे ते बिघडलं आहे, आणि तिसरीत काय करायला हवं. पहिली आणि तिसरी ओळ कोणीही लिहील, असं ते म्हणायचे. मधल्या ओळीसाठी वाचावं लागतं.

आज ज्या कायद्याबद्दल मी बोलणार आहे, त्याची मधली ओळ मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हती. आणि तो कायदा तर माझ्या कमरेला किल्लीच्या रूपानं लटकत होता.

मी सरकारी रुग्णालयात औषधनिर्माती होते. आमच्या औषध भांडारात भिंतीत बसवलेलं एक छोटं लोखंडी कपाट होतं. त्याला दोन कुलपं. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे. आत पेथिडीन आणि मॉर्फिनची मोजकी इंजेक्शनं, तीही शस्त्रक्रियेसाठी. वापरून झालेली रिकामी काचसुद्धा मोजून परत घ्यायची आणि जाड नोंदवहीत लिहायची. एखादी अँप्यूल हातातून निसटून फुटली तर त्या दिवशी जेवण जायचं नाही. वरिष्ठांनी रुजू होताना एकच गोष्ट बजावली होती: या कपाटातला हिशेब चुकला तर दहा वर्षं.

१९९३ सालची गोष्ट. एक गृहस्थ खिडकीशी आले. त्यांच्या पत्नीला गर्भाशयमुखाचा कॅन्सर होता. मुंबईच्या डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं होतं आणि सोबत कागद दिला होता. त्यावर मॉर्फिनच्या गोळ्या लिहिलेल्या, दर चार तासांनी एक. आमच्याकडे गोळ्या नव्हत्या. जिल्ह्यात कुठेच नव्हत्या. त्यांनी विचारलं, कुठे मिळतील? मी म्हणाले, मुंबईला. ते म्हणाले, “बाई, तिला रात्री किंचाळायला होतं. शेजारचे दार लावून घेतात.” मी त्यांना पॅरासिटामॉलची पाकिटं दिली. दुसऱ्या आठवड्यात ते पुन्हा आले, तिसऱ्यातही आले. चौथ्या आठवड्यात आले ते उरलेल्या गोळ्या परत करायला. कुणाच्या तरी उपयोगी पडतील म्हणाले.

मी त्या गोळ्या घेतल्या आणि नोंदवहीत लिहिल्या. त्या दिवशी मला असं वाटलं होतं की मी कायदा पाळला. पुढे कित्येक वर्षांनी तो कायदा वाचला तेव्हा कळलं की कायद्यानं त्या बाईला मॉर्फिन नाकारलेलंच नव्हतं.

त्या कायद्याचं नाव लांबलचक आहे. आपले पोलीस पंचनाम्यात लिहितात तसं सांगायचं तर, गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात. त्याआधी अफूचे १८५७ आणि १८७८ चे कायदे होते आणि १९३० चा घातक औषधांचा कायदा होता. ते मोडून १९८५ च्या सप्टेंबरात नवा कायदा झाला आणि १४ नोव्हेंबरपासून तो लागू झाला. त्याचं आठवं कलम अफू, गांजा, कोकेन, त्यांपासून होणारे पदार्थ, या सगळ्यांवर बंदी घालतं. पण त्याच वाक्यात पुढे आहे की वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणांखेरीज. म्हणजे औषध म्हणून दार उघडंच होतं. परवाने कसे द्यायचे ते ठरवायचं काम मात्र राज्यांकडे गेलं, आणि राज्यांनी त्या दारापुढे एकामागून एक इतके अडसर घातले की ते असून नसल्यासारखं झालं. औषध बाळगायचा परवाना वेगळा, आणायचा वेगळा, वाहतुकीचा वेगळा, दुसऱ्या राज्यातून यायचं तर तिथला वेगळा. चार-पाच परवाने, वेगवेगळ्या खात्यांचे, प्रत्येकाची मुदत निराळी. शेवटचा हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली. आणि त्यावर ती दहा वर्षांची किमान शिक्षा, जी योजली चोरट्या व्यापाऱ्यासाठी पण जिची धास्ती हिशेब सांभाळणाऱ्या माझ्यासारखीलाही. औषध दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणंच बंद केलं. देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर बारा वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. १९९७ साली एवढ्या मोठ्या देशात तो १८ किलोवर आला होता.

आणि हे कोणत्या देशात? ज्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले शेतकरी सरकारी परवान्यानं अफू पिकवतात, नीमच आणि गाझीपूरला ज्याचे सरकारी अफू कारखाने आहेत, जो जगाला औषधी अफू पुरवतो. मंदसौरच्या शेतातला चीक परदेशातल्या रुग्णाची वेदना शमवत होता. मंदसौरपासून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर असलेल्या आमच्या जिल्ह्यात ती बाई किंचाळत होती.

आता मी तुम्हाला कायदा झाला त्याच्या पुढच्या वर्षाकडे नेते. १९८६. त्या वर्षी तीन गोष्टी घडल्या, आणि तिन्ही एकमेकींना ओळखत नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या वेदनेवरची आपली मार्गदर्शिका काढली. दुखणं टोकाला गेलं तर मॉर्फिन तोंडावाटे, घड्याळ लावून द्या, असं तिनं जगाला सांगितलं. मुंबईत वांद्र्याला डॉ. लुईस डिसोझा यांच्या पुढाकारानं शांती आवेदना सदन सुरू झालं, शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांसाठी देशातलं पहिलं घर. त्याची एक शाखा पुढे गोव्यातही झाली. आणि ऑगस्टमध्ये पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

मुक्तांगणाची कथा तुम्हाला ठाऊक आहे, तरी एक बारकावा सांगते. डॉ. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या, विळख्यात सापडलेल्या मुलांवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली, आणि डॉ. अनिता अवचटांनी आपल्या मनोविकारशास्त्राच्या अनुभवावर ते केंद्र उभं केलं. म्हणजे सुरुवात कशानं झाली? कुणीतरी जाऊन पाहिलं, लिहिलं, कुणीतरी वाचलं आणि ते स्वस्थ बसले नाहीत. त्या वेळी सरकारकडे या मुलांसाठी एक नवाकोरा कायदा होता आणि त्यात त्यांच्यासाठी तुरुंग होता.

माझं म्हणणं या तीन गोष्टींच्या आसपासच आहे. १९८५ च्या कायद्याच्या डोळ्यांसमोर तस्कर होता. तस्कराला पकडण्याच्या भरात दोन माणसं मध्ये चिरडली गेली. एक, वेदनेनं तळमळणारा रुग्ण. दुसरा, व्यसनात अडकलेला माणूस. पहिल्यासाठी सामान्य नागरिकांनी कायदा बदलून घेतला, त्याला जवळपास तीस वर्षं लागली. दुसरा अजून तसाच आहे. पहिली लढाई कशी जिंकली ते नीट पाहिलं तर दुसरी कशी लढायची ते कळतं. म्हणून पहिलीवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

रवींद्र घुई हे औषधशास्त्राचे अभ्यासक. त्यांच्या आईला स्तनाचा कॅन्सर झाला. मुलगा औषधांचा जाणकार, आणि तरी आईसाठी मॉर्फिन मिळेना. त्यांनी १९९८ साली दिल्ली उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं आणि न्यायालयानं मॉर्फिनचा पुरवठा मार्गी लावायला सरकारला सांगितलं. त्याच वर्षी त्यांनी आपल्या आईच्या वेदनेबद्दल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. ते छोटंसं लिखाण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खिडकीतले ते गृहस्थ दिसले. फरक एवढाच होता की घुईंना मधली ओळ येत होती.

त्याच सुमारास केरळात दुसरं काम चाललं होतं. १९९३ साली कालिकतला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनासाठी संस्था काढली. तिथे शिक्षक, रिक्षावाले, निवृत्त कारकून, महाविद्यालयातली मुलं स्वयंसेवक म्हणून आली. रुग्णाच्या घरी जायची, जखम धुवायची, गोळ्या संपल्यात का पाहायची. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात हे जाळं गल्लोगल्ली पसरलं. पण मला या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. सरकारी खात्याची भीती एकच होती: गोळ्या घरी दिल्या तर त्या बाजारात जातील. या लोकांनी त्या भीतीची खिल्ली उडवली नाही. त्यांनी मोजलं. दोन वर्षांत घरी मॉर्फिन दिलेल्या १,७२३ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २००१ साली निष्कर्ष छापला. औषध भलतीकडे गेल्याचं एकही प्रकरण सापडलं नाही.

माझ्यासारख्या नोंदवहीत आयुष्य घालवलेल्या बाईला हे वाचून काय वाटलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. माझी नोंदवही मी घाबरून लिहिली. त्यांनी त्यांची नोंदवही शस्त्र म्हणून लिहिली.

१९९८ मध्येच केंद्राच्या महसूल खात्यानं राज्यांना सोपे नमुना नियम पाठवले. अनेक राज्यांनी ते वर्षानुवर्षं तसेच पडू दिले. २००७ साली पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदनाशमनाची सेवा, करणारी मंडळी जनहित याचिका घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली. २०११ साली कायदादुरुस्तीचं विधेयक आलं, ते संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीकडे गेलं. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी महसूल खात्याच्या अधिकाऱ्यांना भेटत राहिले, निवेदनं देत राहिले, शब्दरचना सुचवत राहिले. आणि २०१४ च्या फेब्रुवारीत, पंधराव्या लोकसभेच्या अखेरच्या अधिवेशनात, विधेयक मंजूर झालं. कायद्यात ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषध’ अशी नवी व्याख्या आली. पुढे मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं त्यात आली. या औषधांचे नियम करायचा अधिकार राज्यांकडून केंद्राकडे गेला. मे २०१५ च्या नियमांनी चार-पाच परवान्यांऐवजी एकच दार ठेवलं: राज्याच्या औषध नियंत्रकाकडे, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडे, अर्ज करा आणि ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ व्हा. रुग्णालयात या कामाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा, साठ्याचा हिशेब हवा. झालं.

याच काळात, आपल्या मुंबईत, दुसरं एक काम झालं. १९८९ च्या दुरुस्तीनं ठरावीक मोठ्या साठ्याच्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला फाशी सक्तीची केली होती. न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नाही. व्यसनी माणसांत काम करणाऱ्या संस्थांच्या एका जाळ्यानं, इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्कनं, याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. लॉयर्स कलेक्टिव्हचे वकील उभे राहिले. जून २०११ मध्ये न्यायालयानं ही सक्ती घटनाबाह्य ठरवली आणि २०१४ च्या दुरुस्तीत संसदेनंही ‘फाशीच’ हा शब्द सोडला. ही संस्था कुठल्या बड्या माणसांची नव्हती. सुया बदलून देणारे, जखमांना मलमपट्टी करणारे कार्यकर्ते होते.

इथे थोडं थांबून कायदा वाचण्याबद्दल एक गोष्ट सांगते, कारण ती गुरुजींना फार आवडली असती. २०१४ साली अत्यावश्यक औषधांची व्याख्या घालताना जुन्या एका व्याख्येचा क्रमांक एक अक्षरानं पुढे सरकला. पण शिक्षेचं एक गंभीर कलम, २७-अ, जुन्याच क्रमांकाकडे बोट दाखवत राहिलं. सात वर्षं हे संसदेच्या ध्यानात आलं नाही. त्रिपुराच्या न्यायालयात एका आरोपीच्या बाजूनं हा मुद्दा निघाला, आणि २०२१ च्या डिसेंबरात संसदेला त्यासाठी वेगळी दुरुस्ती करावी लागली. एवढा मोठा कायदा, आणि कुणीतरी बसून ओळीवर बोट ठेवून वाचला म्हणून चूक सापडली.

आता दुसऱ्या माणसाकडे येते.

२००३ च्या आसपास एक बाई माझ्या खिडकीशी आल्या. गर्दी सरेपर्यंत भिंतीला टेकून थांबल्या. मग पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, “ताई, पोराचं गर्द सुटेल असं काही औषध असतं का? पण कुठं नाव लिहायचं नाही.” मी म्हणाले, केसपेपर काढावा लागेल, नाव लिहावंच लागेल. “मग पोलीस?” मला उत्तर येत नव्हतं. मी खांदे उडवले नाहीत एवढंच. त्या निघून गेल्या.

त्या दिवशी मला एक कलम ठाऊक हवं होतं. एनडीपीएसचं कलम ६४-अ. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगल्याच्या आरोपात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याच्यावर खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं, पण संरक्षण आहे. कायद्यात आहे, आणि तरी रुग्णालयाच्या खिडकीत, पोलीस ठाण्यात, मी ज्या ज्या वकिलांना विचारलं त्यांच्यापैकी बहुतेकांना ते माहीत नव्हतं.

माहीत असलेलं कलम २७ आहे. नुसत्या सेवनाला शिक्षा: हेरॉइन, कोकेन, मॉर्फिनसाठी एक वर्षापर्यंत, बाकीच्यांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसीच्या अभ्यासकांनी २०१७ आणि २०१८ मध्ये मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांत निकाली निघालेली दहा हजारांहून जास्त प्रकरणं तपासली. जवळपास सगळी वैयक्तिक सेवनाची निघाली, आणि त्यांतली बहुतेक गांजाची. ज्या कायद्याची रचना तस्करांसाठी झाली, तो मुंबईत रोज कुणाला गाठत होता ते यावरून दिसतं.

२००१ च्या दुरुस्तीनं एक चांगली गोष्ट केली. किती माल सापडला त्यावरून शिक्षा ठरू लागली: अल्प प्रमाण, व्यापारी प्रमाण, आणि मधलं. हेरॉइनसाठी अल्प म्हणजे ५ ग्रॅमपर्यंत, व्यापारी म्हणजे २५० ग्रॅमच्या वर. गांजासाठी १ किलो आणि २० किलो. पण इथे औषधनिर्माती म्हणून माझी एक तक्रार आहे, आणि ती मला फार गंभीर वाटते. रस्त्यावर विकलं जाणारं गर्द शुद्ध नसतं. त्यात काय काय भुकटी मिसळतात ते मी सांगू नये. औषधाच्या दुनियेत आम्ही गोळी मोजतो ती आतल्या औषधावरून. दहा मिलिग्रॅमची मॉर्फिनची गोळी स्टार्चसकट कितीही वजनाची असो, तिला दहा मिलिग्रॅमचीच म्हणतात. कायद्यात मात्र २००९ च्या अधिसूचनेनं, आणि मग २०२० साली हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं, संपूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं ठरलं. म्हणजे खिशात सहा ग्रॅम भेसळयुक्त गर्द असलेला व्यसनी मुलगा, ज्याच्या पुडीत खरं हेरॉइन जेमतेम चिमूटभर आहे, तो ‘अल्प’च्या बाहेर पडतो. मग एक वर्षाऐवजी दहा वर्षांपर्यंतची शिक्षा लागू होते, आणि त्या आरोपापुरतं ६४-अ चं संरक्षणही जातं. जितकी भेसळ जास्त, तितका कैदी मोठा. हे बदलायला हवं, आणि ते बदलायला अधिसूचना पुरेल की कायदा लागेल यावर वकिलांनी आम्हाला मदत करावी.

माझं मागणं मी सरळ सांगते, म्हणजे नंतर प्रश्नोत्तरांत घोळ नको. विक्री करणाऱ्याला, लहान मुलांच्या हातात पुडी देणाऱ्याला, कारखाने चालवणाऱ्याला कडक शिक्षा असावी. नुसत्या सेवनासाठी कैद नसावी. अल्प प्रमाणासह सापडलेल्याला आधी आरोग्य केंद्रात न्यावं, आणि ६४-अ हा आरोपीनं मागून घ्यायचा अपवाद न राहता पोलिसांनी पहिल्या तासात सांगायची गोष्ट व्हावी. हे काही जगावेगळं नाही. २०२१ मध्ये महसूल खात्यानं मंत्रालयांकडून सूचना मागवल्या तेव्हा केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं अल्प प्रमाण बाळगणाऱ्याला गुन्हेगार न मानता उपचाराकडे वळवावं असं सुचवल्याच्या बातम्या सगळ्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या.

मला माहीत आहे, पुढच्या रांगेतल्या आयांच्या मनात काय चाललं आहे. कैदेची भीती गेली तर पोरं मोकाट सुटतील. ही काळजी मी हलकी मानत नाही. पण दिल्लीच्या एम्सनं सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये आली. तिच्यानुसार भांग सोडून गांजा-चरस घेणारेच देशात सुमारे १ कोटी ३० लाख, आणि अफू-हेरॉइनच्या प्रकारांमुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख. देशातल्या सगळ्या तुरुंगांत मिळून कैदी साडेपाच लाखांच्या आसपास. म्हणजे भीतीनं कुणी थांबलेलं नाही. भीतीनं एकच केलं आहे, ती बाई केसपेपर न काढता परत गेली.

दारूबंदीचं काय, असंही विचारलं जाईल. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती लोकांनी, विशेषतः बायकांनी, मागून घेतली आहे. मला त्या बायकांबद्दल अपार आदर आहे. त्यांचं भांडण दुकानाशी आणि गुत्त्याशी होतं. घरातल्या पिणाऱ्याला त्यांना माणसात आणायचं होतं. मीही तेच मागते आहे.

आणि सुयांबद्दल. नशेच्या इंजेक्शनची सुई एकमेकांत वापरली की एचआयव्ही आणि कावीळ पसरते. म्हणून मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टसारख्या संस्था स्वच्छ सुया देतात, पर्यायी औषध देतात. हे काम करणाऱ्यांच्या डोक्यावर नशेला मदत केल्याच्या आरोपाची तलवार असायची. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या २२ व्या कलमानं ही तलवार काढली. त्या कायद्याचा पहिला मसुदाही वकील आणि कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलून तयार केला होता. कायदा वरून पडतो असं आपण म्हणतो खरं, पण यातलं बरंच कुणाच्या तरी टेबलावर हातानं लिहिलं गेलं आहे.

मग आपण या गावात काय करायचं? मी निवृत्त झाल्यावर जे केलं तेच सांगते. आधी माहितीच्या अधिकारात दोन प्रश्न विचारले. आपलं जिल्हा रुग्णालय अत्यावश्यक गुंगीकारक औषधांसाठी मान्यताप्राप्त संस्था आहे का, आणि मागच्या वर्षी मॉर्फिनच्या किती गोळ्या रुग्णांना दिल्या. पहिलं उत्तर आलं ते अर्धंच. अपील केलं. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. तिथे व्यसनी व्यक्तींना कायदेशीर मदत देण्याची राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१५ ची योजना होती. विधी स्वयंसेवक होण्यासाठी वकील असावं लागत नाही, तुमच्यातली कोणतीही निवृत्त शिक्षिका होऊ शकते. आम्ही चौघी झालो. पोलीस ठाण्यात सेवनाच्या गुन्ह्यात कुणी आलं की कलम ६४-अ चा एक पानी मराठी कागद त्याच्या आईच्या हातात ठेवायचा, एवढंच आमचं काम. सुरुवातीला ठाण्यातल्या लोकांना आवडलं नाही. एक हवालदार मात्र दुसऱ्या महिन्यात बाहेर येऊन म्हणाले, बाई, माझ्या पुतण्यासाठी एक कागद द्या.

व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६ हा आहे. तो घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. घरात कुणी नसेल तरी लिहा. शेजारी कुणी असतं.

आणि दिल्लीचं काम दिल्लीला. संसदेच्या याचिका समितीकडे सामान्य नागरिकाला अर्ज करता येतो. विधेयक स्थायी समितीकडे गेलं की समिती वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांच्या सूचना मागवते, मुदत बहुधा थोडीच असते. मसुदे तीस दिवस लोकांसमोर ठेवावेत असं केंद्रानं २०१४ साली ठरवलेलं आहे. एनडीपीएसच्या पुढच्या दुरुस्तीची अशी जाहिरात येईल तेव्हा पोलीस खात्याचं निवेदन जाईल, महसूल खात्याचं जाईल. त्या बाईचं कोण पाठवणार? ती तर अजून केसपेपरला घाबरते. औषधनिर्मात्यांनी पाठवावं, कारण मिश्रणाचं वजन म्हणजे काय ते आम्हाला कळतं. शिक्षकांनी पाठवावं, कारण मुलगा वर्गातून नाहीसा कधी झाला ते तुम्हाला कळतं. ज्यांच्या घरात कॅन्सर येऊन गेला त्यांनी पाठवावं. प्रत्येकानं आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहावं. पहिल्या ओळीत ते, आणि तिसरीत मागणं.

मधली ओळ मी लिहून आणली आहे. ग्रंथालयाच्या कार्यवाहांच्या टेबलावर दोन कागद आहेत. एक जिल्हा शल्यचिकित्सकांना आहे: अपिलानंतर जे उत्तर आलं त्यानुसार आपलं रुग्णालय अजून मान्यताप्राप्त नाही, तेव्हा २०१५ च्या नियमांप्रमाणे अर्ज करावा आणि त्यासाठी एका डॉक्टरला प्रशिक्षणाला पाठवावं. दुसरा आपल्या खासदारांना, कलम २७ आणि ६४-अ बद्दल. दोन्हींवर माझी सही आहे. खाली रेघा मारून ठेवल्या आहेत. पेन दोरीनं बांधलं आहे, ते नेऊ नका.

पत्नीच्या उरलेल्या गोळ्या परत करायला आलेले ते गृहस्थ अजून आहेत. वय ऐंशीच्या पुढे. पहिल्या कागदावर माझ्या आधी त्यांची सही आहे, काल संध्याकाळी मी ती घरी जाऊन घेतली. हात थरथरतो म्हणून त्यांनी अंगठाही उमटवला.